मेमिलची आंघोळ

गवतकापणीच्या दिवशी सुन-दक म्हातारीला धीर म्हणून निघत नसे. अजून धड उजाडलंही नव्हतं आणि तिच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या, स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून परत स्वयंपाकघरात. धिरडी झाली का? झाली. त्यात भरायचं मुळ्याचं सारण गार झालं का? झालं. डुकराचं मांस कापून डब्यात भरलं का? भरलं. गवत कापायच्या यंत्रात पेट्रोल? तेही तिच्या मुलाने, जे-उकने, कालच भरून ठेवलं होतं. मग राहिलं काय? काहीच राहिलं नव्हतं, आणि नेमकं तेच तिला सहन होत नव्हतं.

आठवा चांद्र महिना लागला, की जेजू बेटावरची झाडून सगळी घराणी टेकड्यांवर चढतात आणि पूर्वजांच्या थडग्यांवरचं वर्षभराचं गवत कापतात. जो येत नाही, त्याचं नाव पुढच्या कापणीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी. म्हणून बू घराण्याचे पुतणे सोलहून, बुसानहून विमानाने आले होते. कोणाची कंबर धरली होती, कोणाची बायको रुसली होती, पण आले होते. आणि या वर्षी सुन-दकची सूनही आली होती.

ही खरी आनंदाची गोष्ट. सेरिन समुद्रापलीकडची, मुख्य भूमीवरची पोर, लग्नानंतर जे-उकबरोबर बेटावरच्या शहरात राहणारी. लग्न झाल्यापासून दर कापणीला तिची नोकरीवर, हॉटेलात, कामाची पाळी तरी लागायची, नाहीतर पाय तरी मुरगळायचा. भावकीतल्या बायका नाक मुरडायच्या, "तुझ्या सुनेला गवत चावतं का गं?" सुन-दक वरवर हसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. यंदा मात्र सेरिनने आपणहून फोन केला होता. "आई, मी येते. मेमिललाही आणते. आदल्या रात्री तुमच्याकडेच राहू."

मेमिल म्हणजे कुट्टू. कुट्टूच्या पिठासारखा करडा, एक कान उभा आणि एक पडका असा तो कुत्रा सेरिनला लग्नाआधी कुठल्याशा दुकानामागे सापडला होता. तो पलंगावर झोपतो हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुन-दक म्हणाली होती, "कुत्रं आहे की जावई?" आता दोन वर्षांनी परिस्थिती अशी होती, की जावयाला सुद्धा मिळणार नाहीत एवढे मांसाचे तुकडे ती त्याला टेबलाखालून सरकवत असे आणि वर "मी कुठे काय दिलं" म्हणून मोकळी होत असे.

काल संध्याकाळी आल्या आल्या सेरिनने मेमिलला मांडीत घेतलं, मानेवरचे केस बाजूला केले आणि एका छोट्या नळीतलं औषध थेट कातडीवर ओतलं.

"हे काय गं?"

"गोचिडीचं औषध, आई. इथे मानेवर लावायचं, त्याची जीभ पोचत नाही तिथे. मग ते कातडीवरून अंगभर पसरतं. गोचीड चढली तरी मरते."

गोचीड म्हटल्यावर सुन-दकचे डोळे असे काही बारीक झाले, की सेरिन बोलायची थांबली. या शब्दाचं आणि म्हातारीचं जुनं वैर होतं. तिचा नवरा क्वांग-हो असाच एका कापणीहून हसतखेळत घरी आला होता. त्याच्या गुडघ्यामागे चिकटलेली गोचीड तिनेच ओढून काढली होती आणि दोन नखांत चिरडली होती. मग ताप. मग रक्तातलं काहीतरी कमी कमी होत गेलं, डॉक्टर एकमेकांकडे बघत राहिले आणि माणूस गेला. त्या तापाचं नाव तेव्हा गावात कोणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी ते टीव्हीवर आलं आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात येतंच आहे.

"मरते ना नक्की? मग चांगलं थापून लाव," ती म्हणाली. नळीच्या टोकाशी एक थेंब राहिला होता. तेवढाही वाया जाऊ नये म्हणून तिने नळी उचलली आणि फ्रीजवर पसरलेल्या होबाककडे वळली. होबाक तिचं मांजर, नावाप्रमाणेच भोपळा, रंगानेही आणि घेरानेही.

"आई, नको!" सेरिन अशी किंचाळली, की होबाकने फ्रीजवरून थेट तांदळाच्या पिंपावर उडी घेतली. "कुत्र्याच्या काही औषधांत असं असतं, की मांजराला त्याने झटके येतात. मरतं हो मांजर! त्याच्यासाठी वेगळं आणलंय मी."

"अगं बाई! मग आधी सांगायचं नाही का?"

"सांगतेच आहे. आणि आई, अजून एक, हे लावल्यावर..."

पण तेवढ्यात फाटकाशी पुतण्यांची गाडी येऊन भोंगा वाजवायला लागली, मेमिल भुंकायला लागला, जे-उक बाटल्या उतरवायला धावला, आणि ते अजून एक तसंच राहून गेलं.

तर आता पहाट. घर घोरत होतं आणि सुन-दकच्या हाताला काम नव्हतं. मेमिल दारात उभा राहून शेपटीने चौकट बडवत होता. त्याच्याकडे बघता बघता तिला एकदम आठवलं, की सगळं झालंय पण आंघोळ राहिलीये. स्वतःची तर होणारच होती. क्वांग-होचा कडक नियम होता, आंघोळ केल्याशिवाय पूर्वजांच्या थडग्यांभोवतीच्या दगडी गडग्याच्या आत कोणी पाय टाकायचा नाही. मग हा कुत्रा? तोही आता घरचाच. सेरिनचा कुत्रा घाणेरड्या अंगाने थडग्यावर नाचला, तर भावकी पुन्हा सेरिनलाच नावं ठेवणार! बरं, औषध लावलंच आहे, त्यावर साबणाची भर पडली तर गोचिडीची काय बिशाद. असा सगळा विचार करून तिने कपडे धुवायचा साबण कमरेला खोचला आणि मेमिलला घेऊन किनाऱ्यावरच्या झऱ्याकडे निघाली.

त्या झऱ्याचं गोड पाणी काळ्या खडकांतून उसळून समुद्राला मिळतं. बायकांच्या आंघोळीला दगडी आडोसा आहे. तिथे तिने मेमिलला असं घासलं, असं घासलं, की फेस पार आडोशाबाहेर वाहत गेला. विशेषतः मान. मानेवर काहीतरी तेलकट लागत होतं, ते जाईपर्यंत तिने हात आवरला नाही. मग स्वतः त्या बर्फगार पाण्यात डोकं बुडवलं, आणि वर येताना सवयीने तोंडातून श्वास सोडला, "हुईईई."

सारा जन्म तिने समुद्राच्या तळाशी शिंपल्या आणि शंख गोळा केले होते. खालून वर येणाऱ्या पाणबुड्या बायका अशीच शीळ घालतात, कोंडलेला श्वास तिच्यातून बाहेर पडतो. समुद्र सुटून वर्षं झाली, तरी गार पाणी लागलं की ती शीळ आपोआप यायची. मेमिलने ती कधी ऐकली नव्हती. त्याचा पडका कानसुद्धा उभा राहिला, आणि तो अंग न झटकता धावत येऊन तिच्या तोंडाकडे बघत बसला. तिने पुन्हा शीळ घातली. तो पुन्हा उडाला. म्हातारी एवढी हसली, की तिला खडकावर बसावं लागलं.

परत येईपर्यंत वाऱ्याने दोघंही वाळले होते. घरात एकच धांदल उडाली होती. सेरिनला सांगायचं म्हणून ती दोनदा वळली, पण एकदा कोणीतरी मिठाची पिशवी मागितली आणि एकदा जे-उकची टोपी हरवली. जाऊ दे, टेकडीवर सगळ्यांसमोरच सांगू, असं तिने ठरवलं. चारचौघांत सांगण्यासारखंच होतं ते.

टेकडीवर पोचले तेव्हा धुकं वर सरकत होतं. ठिकठिकाणी यंत्रं घरघरत होती, शेजारच्या टेकडीवरून दुसऱ्या घराण्याची हाळी ऐकू येत होती. कापलेल्या गवताचा वास नाकात शिरला आणि सुन-दकला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं. बू घराण्याची थडगी उतारावर होती, प्रत्येक उंचवट्याभोवती काळ्या दगडांचा गडगा, आणि गडग्याबाहेर माणूसभर उंच गवत. जे-उकने वडिलांचं थडगं आधी घेतलं. सेरिनने लांब दांड्याची फणी उचलली आणि कापलेलं गवत ओढायला लागली, ते इतक्या जोरात की बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. "बघा हो, पलीकडची पोर आपल्याला लाजवणार आज!" सुन-दकची छाती फुगली.

"मेमिल, जा, खेळ," सेरिन त्याचा पट्टा सोडत म्हणाली. "औषध लावलंय, काही भीती नाही."

मेमिल गडग्यावरून गडग्यावर उड्या मारू लागला. ते गिल-हान भावोजींच्या नजरेला पडलं. गिल-हान म्हणजे थोरल्या शाखेचा वारस, घराण्याचा मुखिया. नवऱ्याचा धाकटा चुलतभाऊ असला तरी मान त्याचा, आणि तो मान दिवसातून अनेकदा आठवण करून देण्याची त्याला हौस होती.

"वहिनी," तो काठी आपटत म्हणाला, "घराण्याच्या थडग्यावर कुत्रं? पूर्वज काय म्हणतील?"

याच क्षणाची ती वाट बघत होती. कमरेवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "तो झऱ्यावर आंघोळ करून आलाय, भावोजी. साबण लावून! तुम्ही केलीत का?"

हशा असा उसळला, की दोघांनी यंत्रं बंद करून काय झालं म्हणून विचारलं. गिल-हान लाल झाला. त्याची स्वतःची बायको तोंडावर हात धरून हसत होती. एकटी सेरिन हसत नव्हती.

"आई," तिच्या हातातली फणी खाली आली होती. "आंघोळ कधी घातलीत?"

"आज पहाटे. का गं? काय चकाकतोय बघ. मानेवरचं तेलकटसुद्धा काढलं."

"ते तेलकट म्हणजेच औषध होतं, आई. दोन दिवस पाणी लागू द्यायचं नसतं. सगळं धुऊन गेलं असेल."

सुन-दकच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, ते पुसायचंही तिला सुचेना. "हाक मार त्याला," ती म्हणाली. "आधी हाक मार!"

पण कोणीतरी यंत्र पुन्हा सुरू केलं होतं, आणि त्या आवाजाने गवतात बसलेलं एक हरीण उसळून बाहेर आलं. एक क्षण ते आणि मेमिल एकमेकांकडे बघत राहिले. मग हरीण उताराकडे सुटलं आणि मेमिल त्याच्यामागे गडग्यावरून उडी मारून त्या माणूसभर गवतात गडप झाला. गवताचे तुरे हलताना दिसले, मग लांबचे तुरे, मग काहीच नाही.

"यंत्रं बंद करा!" सुन-दक ओरडली. "सगळी! बंद करा आधी!"

"कुत्र्यासाठी पूर्वजांचं काम थांबवायचं?" गिल-हान पुढे आला. मघाचा हशा अजून त्याच्या कानात होता. "दुपारच्या आत आटपायचंय वहिनी. येईल की ते भूक लागली म्हणजे."

"येईल, आणि अंगावर काय घेऊन येईल?" ती त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "क्वांग-हो कशाने गेला, विसरलात? याच उतारावरून घेऊन आला होता तो. त्याला खांदा दिलात ना तुम्ही? तेव्हा आपल्याला काही ठाऊक नव्हतं, भावोजी. आता ठाऊक आहे. हे माझ्या हातून झालंय, आणि मी गप्प बसून धिरडी खाणार नाही!"

एकेक करून यंत्रं बंद झाली. टेकडीवर एकाएकी इतकी शांतता झाली, की खालच्या रस्त्यावरची गाडी ऐकू आली.

सेरिन तोवर तशीच गवतात शिरायला निघाली होती. सुन-दकने तिचा दंड धरून मागे ओढलं. "पँट मोज्यात खोच! बाह्या खाली कर! एक गेला तेवढा पुरे नाही का?" सेरिनने रडत रडत पँट खोचली. मग बाकीच्यांनीही खोचली, सोलवाल्या पुतण्यांनी महागाच्या पँटीसुद्धा, आणि सगळं बू घराणं ओळ धरून उतारावर पसरलं. "मेमिल! ए मेमिल!" जाडे, बारके, दारूने बसलेले, असे सगळे आवाज एकदम उठले. एखादा धीट कुत्रासुद्धा अशा गलक्याने पळून गेला असता. मेमिल तर शहरातला, पलंगावर झोपणारा.

"गप्प!" सुन-दक म्हणाली. "सगळे गप्प बसा."

ती गडग्यावर चढली. जे-उक "आई, पडशील" म्हणत हात द्यायला धावला, तिने हात झटकला. छाती भरून श्वास घेतला. पुरेसा वाटला नाही, म्हणून आणखी घेतला. डोळे मिटले आणि जणू खोल पाण्यातून वर येतोय असा तो सगळा श्वास तिने एका बारीक फटीतून सोडला.

"हुईईईई."

शीळ उतारावरून खाली गेली. काही हललं नाही. तिने पुन्हा श्वास भरला. म्हातारीचा ऊर धपापत होता. दुसरी शीळ पहिल्याहून लांब निघाली. "तिकडे!" कोणीतरी कुजबुजलं. लांब खाली, काटेरी झुडपांच्या कडेला तुरे हलले. हलणं जवळ येऊ लागलं. तिसऱ्या शिळेला तिचा आवाज फाटला, पण तेवढ्यात गवतातून तो एक उभा आणि एक पडका कान वर आला, आणि मग मेमिलच आला, जीभ लोंबत, अंगभर कुसळं घेऊन, आणि धावत येऊन गडग्याखाली तिच्या तोंडाकडे बघत बसला.

सगळ्या टेकडीने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेकडीवरच्या घराण्यानेही वाजवल्या, त्यांना काय झालं ते ठाऊक नसताना.

सेरिनने त्याला उचलायला हात पुढे केला आणि थबकली. "हातमोजे द्या कोणीतरी. आणि माझ्या पिशवीत चिमटा आहे." त्याच्या कानाच्या कडेला, पापण्यांवर, पायाच्या बोटांमधे तिळाएवढे काळपट ठिपके सरकत होते. करड्या केसांत ते धड दिसतही नव्हते. तेव्हा गिल-हान काही न बोलता गाडीपाशी गेला आणि नैवेद्य मांडायची पांढरीशुभ्र चटई काखोटीला मारून आला.

"यावर घ्या त्याला," तो म्हणाला. "पांढऱ्यावर पडल्या तर दिसतील."

"भावोजी, ही तर..."

"धुता येते. घ्या म्हटलं ना."

मग काय, नैवेद्याच्या चटईवर मेमिल महाराज आडवे झाले आणि भोवती भावकी बसली. एका काकांनी सिगारेटचा लायटर पुढे केला, चटका दिला की सोडते म्हणाले. "नको काका, ती पोटातलं सगळं आत ओकते," सेरिन म्हणाली. कातडीला अगदी लागून चिमट्याने पकडायचं आणि पीळ न देता सरळ वर ओढायचं, असं तिने दाखवलं. काढलेली गोचीड बाटलीतल्या दारूत. सुन-दकने हातमोजे घालून एक उचलली, आणि तिची दोन अंगठ्यांची नखं सवयीने जवळ आली. सेरिनने तिचं मनगट घट्ट धरलं.

"चिरडायची नाही, आई. आत जे असतं, ते बोटाला लागतं."

सुन-दकने आपल्या अंगठ्यांकडे पाहिलं. किती वर्षं चिरडत आली होती ती, टचकन आवाज आला की बरं वाटायचं. क्वांग-होच्या गुडघ्यामागची सुद्धा. आपण कशा वाचलो कुणास ठाऊक, असं तिच्या मनात आलं. तिने गोचीड बाटलीत टाकली. शेजारी गिल-हानने आपल्या धोतरासारख्या ढगळ पँटीवरून एक टिपली होती आणि ती नखांवर घेतली होती. तिने फाडकन त्याच्या हातावर चापट मारली. घराण्याच्या मुखियाला भर टेकडीवर चापट, पण कोणी हसलं नाही.

सेरिनने शहरातल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, लगेच आणा, दिसल्या तेवढ्याच नसतात, गोळी देते, रक्तातून जाऊन काही तासांत उरलेल्यांना मारेल. लगेच म्हणजे आत्ता. आणि जे-उकखेरीज गाडी चालवण्याजोगं, म्हणजे सकाळपासून न प्यायलेलं, कोणी नव्हतं.

जे-उकने वडिलांच्या थडग्याकडे पाहिलं. अर्धं तुळतुळीत, अर्धं जटा वाढवलेलं. अशी अर्धी हजामत टाकून निघणं या बेटावर कोणी ऐकलंही नसेल.

"आई, तू थांब. मी आणि सेरिन जातो."

"मी येणार," सुन-दक म्हणाली. "आणि त्या अर्ध्याला कोणी हात लावायचा नाही. ते मी कापीन." मग थडग्याकडे वळून ती वाकली. "अहो, थांबा जरा. तुमच्यासारखं आणखी कोणाचं नको व्हायला."

दवाखान्यात मेमिलने गोळी खाऊ समजून गट्ट केली आणि आणखी मागितली. डॉक्टरीणबाईंनी चिमट्यातून सुटलेल्या दोनतीन काढल्या. "त्या तापावर अजून नेमकं औषध नाही," त्या म्हणाल्या. "दोन आठवडे लक्ष ठेवा. ताप आला, खाणं सोडलं, मलूल झाला, की हातमोजे घालून उचला आणि इकडे या. आणि आजी, तुम्हीही सगळ्यांनी आपापला ताप बघा."

परतताना गाडीत सेरिन बोलत नव्हती. मेमिल तिच्या मांडीवर झोपला होता. तिने त्याला पहिल्यांदा सासूच्या खोलीत झोपायला दिलं होतं, आणि उजाडता उजाडता सासूने हे करून ठेवलं होतं.

"शिव्या तरी दे गं," सुन-दक शेवटी म्हणाली. "तुझं गप्प बसणं मला सोसवत नाही."

"मी काल सांगणार होते ते राहिलं, आई. माझंही चुकलं." एवढंच बोलून ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्या रात्री नवराबायको मेमिलला घेऊन शहरात परत गेले.

पुढचे दोन आठवडे म्हातारीने फोनच्या उशाला काढले. रोज सकाळी सेरिन ताप मोजायची आणि कळवायची, आणि रोज सकाळी सुन-दकच्या छातीत मोटार सुरू व्हायची. आकडा बरा निघाला की ती होबाकला उचलून नाचायची. होबाकला हे मुळीच आवडायचं नाही, आणि त्यालाही आता घराबाहेर जायची बंदी होती, म्हणून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. स्वतःचाही ताप ती बघायची, पण तो आकडा लगेच विसरायची. एका सकाळी सेरिनचा आवाज कापत होता. "आई, हा खात नाहीये. वाडग्याला तोंडही लावत नाही." सुन-दक त्याच पावली चपला न बदलता बसथांब्यावर पोचली. बस यायच्या आत पुन्हा फोन. मेमिलने रात्रीत सणासाठी वाफवलेल्या तांदळाच्या लाडूंचा अख्खा डबा फस्त केला होता आणि आता पोट धरून बसला होता. म्हातारी बसथांब्यावरच एवढ्या मोठ्याने हसली आणि रडली, की एका पोरीने तिला पाणी आणून दिलं.

चांद्र महिन्याचे पंधरा दिवस भरले आणि सुगीचा, पूर्वजांना नैवेद्य दाखवायचा चुसकचा सण उजाडला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली मुदतही संपली होती. मेमिल ठणठणीत होता. सगळेच ठणठणीत होते. सेरिन आणि जे-उक आदल्या संध्याकाळीच आले. सुन-दकने मेमिलला दारातूनच पाहिलं, पण हात पुढे केला नाही. दोन आठवड्यांत तिने ठरवून टाकलं होतं, की दुसऱ्याच्या लेकराला आता आपण हात लावायचा नाही.

सणाच्या पहाटे ती विळ्याला धार लावत बसली होती. ते अर्धं थडगं अजून तसंच होतं. सेरिन बाहेर आली. तिच्या एका हातात मेमिलचा पट्टा होता आणि दुसऱ्या हातात कपडे धुवायचा साबण.

"आई, चला."

"कुठे?"

"झऱ्यावर. आपण बाबांकडे जाणार ना? मग याची आंघोळ नको व्हायला?"

सुन-दकने विळा खाली ठेवला. "नको गं बाई. पुन्हा धुऊन जाईल सगळं. तूच घाल, नाहीतर राहू दे, मी बाबांना सांगते समजावून."

"काही धुऊन जात नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं मला, पुढे दर महिन्याला थेंब लावायचे की गोळी द्यायची. मी म्हटलं, गोळीच द्या. ती पोटातून काम करते, वरून कितीही घासा." सेरिनने पट्टा सासूच्या हातात दिला. "म्हटलं, माझी सासू त्याला आंघोळ घातल्याशिवाय राहायची नाही. आणि आई, पुढच्या महिन्यात मला रात्रपाळी आहे. हा तुमच्याकडेच राहणार आहे. गोळी तुम्हीच द्यायची."

 सुन-दकने पदर नसल्यामुळे बाहीनेच नाक पुसलं आणि म्हणाली, "हा साबण चांगला नाही. आतला घेऊन ये, वासाचा."

दुपारी ते टेकडीवर चढले तेव्हा थडग्यापाशी गिल-हान आधीच उभा होता, पँट मोज्यात खोचून. आपण सहज आलो होतो, असं तो दोनदा म्हणाला. उरलेल्या अर्ध्याला खरंच कोणी हात लावला नव्हता. सुन-दक गुडघ्यावर बसली आणि विळ्याने मूठ मूठ कापत गेली, सेरिन मागून ओढत गेली. मेमिल पट्ट्यासकट गडग्याबाहेर बसून राहिला होता. या वेळी त्याला अजून कोणी आत बोलावलं नव्हतं.

शेवटची मूठ कापून झाल्यावर सुन-दक उठली. दोन्ही हातांनी कंबर धरून तिने थडग्याकडे पाहिलं. आता ते सगळीकडून सारखं दिसत होतं.

"अहो," ती क्वांग-होला म्हणाली, "हा सेरिनचा मेमिल. आंघोळ करून आलाय. येऊ दे ना आत?"

मग तिने हळूच शीळ घातली, आणि मेमिल गडग्यावरून आत आला.